आपले माप, आपली वीण
स्वतंत्र विणकाम-रचनेचा एक पाठ

निवासी विद्यालयात मुलांना पाठविणारे अनेक पालक कार्यानुभवाच्या तासिकेविषयी एक प्रश्न विचारतात. आमच्या पिढ्यान् पिढ्या हाताने राबण्यात गेल्या. मुलांच्या हाती लेखणी यावी म्हणून त्यांना घरापासून दूर धाडले. मग तेथेही त्यांच्या हातात सुया आणि लोकर का द्यावी? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. त्यामागे समाजाच्या कटू अनुभवाचे वजन आहे. त्याचे उत्तर मात्र विणकाम शिकवावे की शिकवू नये एवढ्यावर ठरत नाही. ते कसे शिकवावे, यावर ठरते. दुसऱ्याने आखून दिलेला नमुना डोळे मिटून उतरविणे एवढेच शिकविले, तर पालकांचा आक्षेप योग्यच म्हणावा लागेल. परंतु वस्त्राची कल्पना करणे, माप घेणे, गणित मांडणे, चूक शोधणे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवणे हे सारे विद्यार्थ्याकडून करून घेतले, तर तीच तासिका शिक्षणाची तासिका ठरते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या मार्गाचा एक पाठ, आकडेमोडीसह, मांडला आहे.

धागा आमचा, वीण दुसऱ्याची

धाग्याशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. विदर्भात महार कुटुंबे सूत कातीत आणि जाडेभरडे कापड विणीत. गिरणीचे कापड स्वस्त झाले तसा हा व्यवसाय मोडला आणि विणणारे हात गिरण्यांच्या दारी गेले. मुंबईच्या गिरण्यांत त्यांना प्रवेश मिळाला तो प्रामुख्याने सूत काढण्याच्या खात्यात. अधिक मजुरीचे विणाई खाते त्यांना बंद होते. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा इतर कामगारांना चालत नसे. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय ठामपणे पुढे मांडला. कामगारांच्या ऐक्याची भाषा बोलणाऱ्यांनी विणाई खात्याचे दार आधी उघडावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात त्यांनी स्पष्ट केले की, जातिव्यवस्था केवळ कामांची वाटणी करीत नाही. ती काम करणाऱ्या माणसांचीच एकमेकांपासून विभागणी करते आणि त्यांना उच्चनीच पायऱ्यांवर बसविते.

या विभागणीचे एक रूप आजही दिसते. आखणारा वेगळा आणि राबणारा वेगळा, असे आपण गृहीत धरतो. नमुना पुस्तकातून यावा, माप दुकानदाराने सांगावे, किंमत गिऱ्हाइकाने ठरवावी आणि विणणाऱ्याने फक्त विणावे, ही ती रीत. स्वतंत्र रचना शिकविण्याचा खरा हेतू ही रीत मोडणे हा आहे. आखणारा आणि विणणारा एकाच व्यक्तीत आणावयाचा आहे.

चीवराची रचना

वस्त्ररचनेचा एक अत्यंत बोधप्रद प्रसंग विनयपिटकातील महावग्गात, चीवरविषयक खंधकात आला आहे. तथागत राजगृहाहून दक्षिणागिरीकडे निघाले असता त्यांना मगधातील शेते दिसली. चौकोनी वाफे, त्यांच्या सरळ रांगा, मधले बांध आणि बांध एकमेकांस छेदतात ते चौक, अशी ती सुरेख मांडणी होती. भिक्खूंची चीवरे अशा धर्तीवर करता येतील काय, असे त्यांनी आनंदांना विचारले. आनंदांनी तशी चीवरे तयार करून दाखविली आणि थोडक्यात सांगितलेले तपशिलासह समजून घेतले म्हणून तथागतांनी त्यांची प्रशंसा केली. चीवराच्या प्रत्येक भागाला, म्हणजे लांब पट्टीला, अर्ध्या पट्टीला, वाफ्याला, गळ्याजवळच्या जोडाला, पोटरीवर येणाऱ्या भागाला, स्वतंत्र नाव दिले गेले. तुकडे करून शिवल्यामुळे कापडाचे बाजारमूल्य उतरले आणि चोरालाही त्याचा लोभ वाटेनासा झाला. भिक्खूच्या जीवनाला हे अनुरूपच होते.

विद्यार्थ्यांनी या प्रसंगातून चार गोष्टी घ्याव्यात. पहिली, रचना निरीक्षणातून सुरू होते. आनंदांसमोर चित्रांचा संग्रह नव्हता, शेत होते. दुसरी, वस्त्र कोणासाठी आणि कशासाठी आहे यावरून त्याचे रूप ठरते. तिसरी, संपूर्ण वस्त्राचे भाग पाडून प्रत्येक भागाला नाव दिले की अवघड काम आवाक्यात येते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रशंसा झाली ती समजून घेण्याची. पुढील पाठ याच चार पायऱ्यांनी जातो.

एका धाग्याचे विज्ञान

मराठीत मागावरचे विणणे आणि सुयांवरचे विणणे या दोहोंना एकच शब्द आहे; रचना मात्र भिन्न आहे. मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे काटकोनात एकमेकांत गुंफले जातात. सुयांवरील विणकामात बहुधा एकच धागा असतो. त्याच्या फाशातून दुसरा फास, दुसऱ्यातून तिसरा, अशी ओळीमागून ओळ चढत जाते. फास ताणला की लांबतो, सोडला की मूळ जागी येतो. म्हणूनच स्वेटर अंगाबरोबर ताणला जातो आणि मागावरचे कापड तसे ताणले जात नाही. एक टोक ओढले की सारे काम उसवते आणि धागा पुन्हा वापरता येतो. कापडाला एकदा कात्री लागली की ते मागे फिरत नाही. लोकर मागे फिरते. ज्या मुलाच्या घरी नासाडी परवडणारी नाही, त्याला निर्भयपणे प्रयोग करू देणारी ही कला आहे.

मूळ टाके दोनच आहेत, सुलट आणि उलट. एकच फास पुढून पाहिला तर सुलट आणि मागून पाहिला तर उलट दिसतो. सरळ सुयांवर एक ओळ सुलट व एक ओळ उलट विणली तर पुढून गुळगुळीत कापड तयार होते, पण त्याच्या कडा वळतात. प्रत्येक ओळ सुलट विणली तर दोन्ही बाजूंना आडव्या वळ्या पडतात आणि कापड सपाट राहते. दोन सुलट, दोन उलट अशी आलटून-पालटून वीण घेतली तर लवचिक पट्टी मिळते. ती मनगट, गळा आणि कमरेशी वापरावी. पुस्तकांतील शेकडो नमुने या दोन टाक्यांच्या, तसेच टाका वाढविणे, घटविणे आणि टाक्यांची अदलाबदल करणे यांच्या संयोगातून निर्माण झालेले असतात.

साहित्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते; ती घोंगडीला उत्तम, परंतु अंगालगतच्या स्वेटरला टोचते. बाजारात मिळणारी बरीचशी लोकर प्रत्यक्षात अ‍ॅक्रिलिक असते. ती स्वस्त आणि धुण्यास सोपी, पण गरम इस्त्रीने कायमची सैल पडते. खरी लोकर उष्ण पाण्यात चोळली तर आटून घट्ट होते. जेथे थंडी बेताची आहे तेथे सुती धागाही चालतो, मात्र तो जड असतो आणि लोकरीइतका ताणला जात नाही. आपल्याकडील सुयांवर बहुधा जुने ब्रिटिश क्रमांक असतात. त्यांत क्रमांक वाढला की सुई बारीक होते. 8 नंबरची सुई 4 मि.मी., 10 नंबरची 3.25 मि.मी. आणि 12 नंबरची 2.75 मि.मी. जाडीची असते.

नमुन्याचा तुकडा

स्वतंत्र रचनेचा पाया म्हणजे नमुन्याचा तुकडा. विद्यार्थी बहुधा याच पायरीचा कंटाळा करतात, आणि स्वेटर अंगाला न बसण्याचे कारणही बहुधा हेच असते. जी लोकर आणि ज्या सुया वापरावयाच्या, त्यांवर सुमारे 36 टाके घालून 15 से.मी. उंचीचा तुकडा विणावा. कडा वळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंचे चार-चार टाके प्रत्येक ओळीत सुलट घ्यावेत. पुढे स्वेटर जसा धुणार तसाच हा तुकडा धुवावा, न ताणता सपाट वाळवावा आणि मधल्या भागात 10 से.मी. रुंदीत किती टाके व 10 से.मी. उंचीत किती ओळी बसतात ते मोजावे.

समजा, 10 से.मी. मध्ये 22 टाके आणि 30 ओळी आल्या. म्हणजे 1 से.मी. ला 2.2 टाके आणि 3 ओळी. हे माप फक्त त्या हाताचे, त्या लोकरीचे आणि त्या सुईचे असते. त्याच साहित्यावर सैल हाताच्या विद्यार्थ्याचे 20 टाकेच भरतील. हा फरक दिसायला लहान आहे. परंतु 80 से.मी. घेराच्या स्वेटरसाठी पहिल्या विद्यार्थ्याला 176 टाके लागतात. तेवढेच टाके दुसऱ्याने घातले तर त्याचा घेर 88 से.मी. होईल. पुस्तकात छापलेली टाक्यांची संख्या ही पुस्तक लिहिणाऱ्याच्या हाताची असते. ती जशीच्या तशी स्वीकारणे म्हणजे दुसऱ्याच्या हाताने विणण्याचा प्रयत्न करणे होय.

एका संख्येतून संपूर्ण स्वेटर

माप घेतल्यावर संपूर्ण वस्त्राचे गणित कसे मांडावे? या बाबतीत एलिझाबेथ झिमरमन (1910–1999) यांचे कार्य मार्गदर्शक आहे. जन्माने इंग्लिश आणि पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झालेल्या या विदुषीने विणणाऱ्यांना छापील नमुन्यांच्या परावलंबनातून बाहेर काढले. त्यांचे ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक 1971 मध्ये प्रसिद्ध झाले. स्वेटरच्या छातीच्या घेरातील टाके म्हणजे 100 टक्के मानावेत आणि उरलेल्या प्रत्येक भागाचे टाके त्याच्या टक्केवारीने काढावेत, अशी त्यांची पद्धत आहे. माणसाच्या शरीराची प्रमाणे सामान्यतः स्थिर असतात, या निरीक्षणावर ती आधारलेली आहे.

आता उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याची छाती 72 से.मी. आहे. सदऱ्यावरून घालण्यासाठी 8 से.मी. सैलपणा ठेवला तर स्वेटरचा घेर 80 से.मी. होतो. 80 गुणिले 2.2 म्हणजे 176 टाके; हे आपले 100 टक्के. मनगटासाठी 20 टक्के, म्हणजे 35.2, दोन सुलट, दोन उलट अशा पट्टीसाठी चाराने भाग जावा म्हणून 36 घ्यावेत. दंडासाठी 33 टक्के, म्हणजे 58. काखेत 8 टक्के, म्हणजे 14. गळ्यासाठी 40 टक्के, म्हणजे 70.

हा स्वेटर खालून वर, वर्तुळाकार सुईवर, म्हणजे लवचिक तारेने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, सलग फेऱ्यांनी विणावा. बाजूंना शिवण लागत नाही. बाहीसारख्या लहान घेरासाठी दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेल्या सुयांचा संच घ्यावा. प्रथम धड काखेपर्यंत 34 से.मी., म्हणजे 102 फेऱ्या, विणून बाजूला ठेवावे. मग दोन बाह्या विणाव्यात. प्रत्येक बाही 36 से.मी. म्हणजे 108 फेऱ्यांची. त्यांपैकी पहिल्या 18 फेऱ्या मनगटाची पट्टी. 36 टाक्यांपासून 58 पर्यंत जाण्यासाठी 22 टाके वाढवायचे, एका वेळी दोन याप्रमाणे 11 वेळा. उरलेल्या 90 फेऱ्यांत दर आठव्या फेरीला दोन टाके वाढवले की 88 व्या फेरीला काम पूर्ण होते आणि दोन साध्या फेऱ्या उरतात.

यानंतर तिन्ही भाग एका सुईवर आणावेत. धडाच्या दोन्ही बाजूंना काखेचे 14-14 टाके आणि प्रत्येक बाहीचे 14 टाके वेगळ्या धाग्यावर काढून ठेवावेत. शेवटी ते एकमेकांना जोडावयाचे आहेत. धडाचे उरले 148, दोन्ही बाह्यांचे मिळून 88, एकूण 236 टाके. येथून खांद्याभोवतीचा योक सुरू होतो. त्याची उंची घेराच्या एक चतुर्थांश, म्हणजे 20 से.मी., अर्थात 60 फेऱ्या.

योकात टाके तीनच वेळा घटवायचे. 30 फेऱ्या झाल्यावर दोन टाके साधे आणि पुढचे दोन एकत्र, असे फेरीभर विणावे; 236 चे 177 होतात. 45 फेऱ्या झाल्यावर एक साधा आणि दोन एकत्र. 177 चे 118 होतात. 60 व्या फेरीला एक साधा, दोन एकत्र, पुन्हा दोन एकत्र. शेवटी तीन टाके उरतात, त्यांत एक साधा व दोन एकत्र घ्यावेत. असे 71 टाके राहतात. गळ्यासाठी आपण 70 काढले होते. एक टाका आणखी घटवावा आणि अर्ध्या इंचाची पट्टी विणून टाके सैलसर बंद करावेत.

सहावी-सातवीतील टक्केवारी येथे अंगावर घालता येते. उत्तर बरोबर आले की नाही हे शिक्षकाने सांगावे लागत नाही. गळ्यातून डोके जाते की नाही यावरून ते कळते.

नक्षी आणि तिचे बंधन

घटविण्याच्या फेऱ्यांमधला भाग नक्षीसाठी मोकळा असतो. तेथे विद्यार्थ्याची प्रतिभा आणि गणित यांची भेट होते. पहिल्या 30 फेऱ्यांत 236 टाके आहेत. चार टाक्यांची नक्षी घेतली तर ती बरोबर 59 वेळा बसते. सहा टाक्यांची घ्यावयाची असेल तर 236 ला सहाने भाग जात नाही. पाठीमागे दोन टाके हळूच घटवून 234 केले की ती 39 वेळा येते. नक्षी संपली की ते दोन टाके पुन्हा वाढवून घ्यावेत, म्हणजे पुढील हिशेब बिघडत नाही. पुढील भागात 177 टाके आहेत, तेथे तीन टाक्यांची नक्षी 59 वेळा बसते. बंधन कळले की निवड सोपी होते.

नक्षी आलेख-कागदावर काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विणकामाचा टाका चौरस नसतो. तो उंचीपेक्षा रुंदीला अधिक असतो. आपल्या मापात 22 टाके आणि 30 ओळी मिळून 10 से.मी. चा चौरस होतो. म्हणून चौरस कागदावर 22 घरे रुंद व 22 घरे उंच असे धम्मचक्र काढून विणले, तर ते वर्तुळ न राहता दबलेले दिसेल. 22 टाक्यांच्या रुंदीला 30 ओळींची उंची द्यावी. पिंपळपान 5 से.मी. रुंद व 7 से.मी. उंच हवे असेल, तर त्यासाठी 11 टाके व 21 ओळी लागतील. पान प्रत्यक्ष हातात घेऊन त्याचे टोक किती लांब आहे, देठाशी ते कसे रुंदावते, हे आधी पाहावे. मगधाच्या शेतांकडे पाहणाऱ्या आनंदांची रीत तीच होती. दोन रंगांनी विणताना मागे राहणारा धागा सलग पाच टाक्यांहून अधिक लांब सोडू नये. तो बोटांत अडकतो आणि ओढला गेला तर कापड गोळा होते.

कानटोपी : लहान रचना, पूर्ण धडा

ज्यांना स्वेटर मोठा वाटतो त्यांनी कानटोपीपासून आरंभ करावा. डोक्याचा घेर 52 से.मी. असेल तर टोपी घट्ट बसण्यासाठी तो सुमारे दहा टक्क्यांनी कमी, म्हणजे 47 से.मी., धरावा. 47 गुणिले 2.2 म्हणजे 103.4, आठाने भाग जाणारी जवळची संख्या 104. पट्टीसह 12 से.मी. सरळ विणावे. मग 13-13 टाक्यांचे आठ भाग पाडून एका फेरीआड प्रत्येक भागात एक टाका घटवावा. बारा वेळा घटविल्यावर आठच टाके उरतात. त्यांतून धागा ओवून ओढून घ्यावा. यास सुमारे 24 फेऱ्या, म्हणजे 8 से.मी. लागतात आणि टोपीची एकूण उंची 20 से.मी. होते. वरून पाहिले असता घटविलेल्या टाक्यांच्या आठ रेषा मध्यबिंदूपासून बाहेर जाताना दिसतात. आठ आऱ्यांचे चक्र वेगळी नक्षी न काढता रचनेतूनच उमटते. मफलर, हातमोजे आणि पिशवी यांनाही हीच पद्धत लागू आहे.

मुलांनीही, मुलींनीही

विणकाम मुलींचे, अशी समजूत अजूनही आढळते. पेरू देशात टिटिकाका सरोवरातील टाकिले बेटावर टोप्या विणतात ते पुरुष. मुलगे लहानपणीच ती कला शिकतात आणि स्त्रिया मागावर काम करतात. या बेटाच्या वस्त्रकलेला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले आहे. काम स्त्रीचे की पुरुषाचे हे सुया ठरवीत नाहीत. समाज ठरवितो आणि समाज ते बदलूही शकतो. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील लाहौल या बौद्ध परंपरेच्या प्रदेशात स्त्रियांनी विणलेल्या रंगीत मोज्यांना व हातमोज्यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. तेथील भौमितिक नक्षी पाहून आपण शिकावे; पण त्यांची नक्षी घेतली तर ती लाहौलची आहे असे सांगावे. छापील नमुना वापरला तर त्याच्या रचनाकाराचे नाव नोंदवावे. दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेय आपल्या नावावर न घेणे हे पंचशीलातील दुसऱ्या शीलाशीच निगडित आहे. आपल्या पूर्वजांच्या श्रमाचे श्रेय कसे पुसले गेले हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये.

श्रमाची मोजदाद

पालकांचा आणखी एक रास्त प्रश्न असतो, यातून पोट भरेल काय? याचे उत्तरही मोजूनच द्यावे. वर सांगितलेल्या स्वेटरच्या धडात 176 गुणिले 102, म्हणजे 17,952 टाके आहेत. दोन बाह्यांत मिळून सुमारे 9,600. योकात 30 फेऱ्या 236 च्या, 15 फेऱ्या 177 च्या व 15 फेऱ्या 118 च्या, म्हणजे 11,505. गळ्याची पट्टी धरून एकूण संख्या 40 हजारांच्या जवळ जाते. मिनिटाला 20 टाके विणणाऱ्या विद्यार्थ्याला 2,000 मिनिटे, म्हणजे 33 तासांहून अधिक वेळ लागेल. जोडकाम, धुणे आणि गणित निराळेच.

आता हिवाळ्यात आपल्या शहरांतून तिबेटी बांधव जे स्वेटर विकतात, त्यांपैकी पुष्कळसा माल लुधियानाच्या यंत्रांवर तयार झालेला असतो. यंत्राच्या स्वेटरशी किमतीची स्पर्धा हाताच्या स्वेटरने करूच नये. यंत्राने विणण्याचा इतिहास 1589 पासूनचा आहे. इंग्लंडमधील विल्यम ली याने त्या वर्षी मोजे विणण्याची चौकट तयार केली. तेव्हापासून नकलेच्या बाजारात यंत्रच जिंकत आले आहे. ज्याच्याकडे फक्त वेग आहे, तो यंत्रापुढे हरतो. ज्याच्याकडे रचना आहे, त्याला वाट राहते. एखाद्या अपंग मुलाच्या खांद्याला बसेल असा स्वेटर, वृद्ध आजोबांच्या सुजलेल्या पायाला न काचणारे मोजे, एखाद्या संस्थेचे चिन्ह असलेला मफलर, ही कामे माप समजणाऱ्या माणसाकडेच येतात. वस्त्रोद्योगाच्या पुढील शिक्षणातही लोकर, माप व प्रमाण यांची समज उपयोगी पडते. यंत्राला सूचना देणाऱ्यालाही टाक्यांचे गणित करावेच लागते.

या मोजदादीचा आणखी एक लाभ आहे. कोणी “घरी बसल्या विणलेस, त्याचे कसले पैसे?” असे म्हटले, तर विद्यार्थ्याजवळ उत्तर असते : 40 हजार टाके आणि 33 तास. आपण किंमत कमी घेऊ, देणगी म्हणून देऊ, की विकणारच नाही, हे त्याने खुशाल ठरवावे. परंतु आपल्या श्रमाचे माप ठाऊक असताना ठरवावे. आपल्या आजी-आजोबांना हे माप कोणी हाती दिले नव्हते.

नोंदवही

या पाठाचे खरे फलित स्वेटर हे नव्हे. तो दोन-तीन वर्षांत आखूड होईल आणि धाकट्या भावंडाकडे जाईल. खरे फलित नोंदवही आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने तिच्यात नमुन्याचा तुकडा टाचावा. लोकरीचा प्रकार, सुईचा क्रमांक, 10 से.मी. मधील टाके व ओळी, ज्याच्यासाठी वस्त्र केले त्याची मापे, टक्केवारीची आकडेमोड, आलेख-कागदावरील नक्षी आणि कोठे उसवावे लागले व का, हे सारे लिहावे. अशी वही पुढच्या वर्गाच्या हाती गेली की नवा विद्यार्थी शून्यापासून सुरुवात करीत नाही. जी विद्या लिहून ठेवली जाते ती एका माणसाबरोबर संपत नाही. तथागतांचा उपदेशही संघाने जपला, म्हणून तो आपल्यापर्यंत आला.

माजी विद्यार्थ्यांना या निमित्ताने एक विनंती आहे. घरात उरलेली लोकर, वापरात नसलेल्या सुया, जुने आलेख-कागद विद्यालयाकडे पाठवावेत. त्याहूनही अधिक मोलाची भेट म्हणजे आपले अनुभव. ज्यांनी विणकाम, शिवण, सुतारकाम अथवा अन्य कोणत्याही हस्तकौशल्यात स्वतःची रीत शोधली असेल, त्यांनी ती मापांसह लिहून द्यावी. पालकांनी मुलाने विणलेली वस्तू पाहताना “कोठून उतरवलीस?” असे विचारण्याऐवजी “कशी आखलीस?” असे विचारावे. आणि विद्यार्थ्यांनी नोंदवहीच्या पहिल्या पानावर, जेथे पुस्तकांत रचनाकाराचे नाव छापलेले असते तेथे, ‘रचना’ हा शब्द लिहून त्यापुढे स्वच्छ अक्षरांत स्वतःचे पूर्ण नाव लिहावे.